जिंतूरपर्यंत बरोबरीनं

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी संपली, आशू गेली. संध्याकाळची पुणे गाडी. एसटीनंच जायचं हा माझा हट्ट, तेवढा एक पोरीनं अजून पाळलाय. गाडी फलाटाला वेळेवर लागली, वेळेवर सुटली. ह्याच परभणी स्टँडवर आणि त्याआधी जिंतूरच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून खिडकीत बसून अख्खी नोकरी गाड्या सोडण्यात गेली. पण घरचं माणूस घेऊन जाणारी गाडी सुटली की ती वळणाआड जाईस्तोवर फलाटावरच उभा राहतो, ते काही सवयीनं जात नाही.

काल सकाळी दोघं सायकलीवर पिंगळीच्या पुढपर्यंत गेलो होतो. ती पुढं, मी मागं. दर किलोमीटरच्या दगडापाशी एक पाय टेकवून उभी. मी धापा टाकत पोचलो की काही न बोलता पुन्हा निघायची. चेहरा असा, की दवाखान्यात पेशंटच्या उशाशी बसलंय कुणीतरी. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

आज ती गाडीची पायरी चढताना म्हणालो, "संक्रांतीला सायकलवर जिंतूरला जाऊ. ह्या टायमाला मी मागं राहणार नाही." वळून हसली. "येते, पप्पा."

ठरलं तर.

२६ ऑक्टोबर, रविवार

घरात दोन सायकली. एक तिनं मला मागच्या वर्षी घेऊन दिलेली, गिअरची. दुसरी तिची जुनी. पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून इकडं पाठवलेली. बोळीत दोन्ही भिंतीला टेकून उभ्या असतात. आशूची आई, सुमन, असती तर म्हणाली असती, माणसांपेक्षा सायकली जास्त झाल्या घरात. चार वर्षं झाली तिला जाऊन. आता खरंच जास्त आहेत.

आज एकटा गेलो. हँडलवर आशूनं मीटर बसवलाय. जोर लावून बघितला, आकडा पंधरा-सोळाच्या वर हलेना. एक म्हातारा जुन्या काळ्या सायकलीवर गवताचा भारा बांधून माझ्या पुढं निघून गेला. वर "रामराम" म्हणाला.

ह्या वेगानं जिंतूरला पोचायला दुपार होईल. पोरगी सगळ्या दगडांपाशी उभी राहून सुकेल.

जिंतूरच का, तर सायकल ती तिथं शिकली. स्टँडमागच्या क्वार्टरसमोर, सुट्टीच्या दिवशी. मी कॅरिअर धरून मागं पळायचो. एकदा हात सोडून दिला तरी ती "सोडू नका पप्पा" म्हणत सरळ चाललेली. त्या रस्त्यावर एकदा तिच्या बरोबरीनं जायचंय. मागून नाही. बास, एवढंच.

३० ऑक्टो.

वेग कसा वाढवायचा ते विचारलं तर परभणीत सल्ल्याला तोटा नाही. शेजारचे काळे सर म्हणाले, वजन कमी करा. दूधवाला म्हणाला, खारका खा. मेडिकलवाला म्हणाला, ह्या वयात कशाला. हवा भरणारा म्हणाला, चाकं आधी बघा. त्याचंच खरं निघालं. चाकं बसलेली होती. इतके दिवस मी निम्म्या हवेवर चालवत होतो. टायर बोटानं दाबलं तर दबायला नको, अशी हवा भरली आणि सायकल एकदम हलकी झाली.

आशूच्या सायकलीतही भरून आणली. ती येईल तेव्हा घाई नको.

१ नोव्हें., शनिवार

आशूचा फोन. म्हणाली, "पप्पा, तुमी सीट लय खाली ठेवता. गुडघे हँडलला लागायलेत तुमचे. वर करा."

आमच्याकडं सीट खालीच असते. दोन्ही पाय भुईला टेकले पाहिजेत ही आमची पहिली अट. गडी माणूस रस्त्यात कुणी भेटलं की सायकलीवर बसल्याबसल्या पाय टेकवून बोलतो, तंबाखू मळतो, सोयरीक जमवतो. उतरायचं काम नाही. सीट त्यासाठीच असते.

पण वेग त्यानं जातो म्हणे. पाय पूर्ण लांब होत नाही, ताकद गुडघ्यातच मुरते. टाच पेडलवर ठेवल्यावर पाय सरळ झाला पाहिजे, इतकी सीट वर.

संक्रांतीचं नाव काढलं नाही मी. ठरलेली वेळ पुन्हा पुन्हा विचारणारे पॅसेंजर मला कधी आवडले नाहीत.

२ नोव्हें.

सीट वर केली. पिंगळीच्या अलीकडं रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं, समोरून ट्रॅक्टर. थांबलो, पाय टेकवायला गेलो, भुई कुठंय? सावकाश, मानानं, सोयाबीनवर आडवा झालो. ढीग ओढणारी बाई म्हणाली, "अहो पाव्हणं, आधीच काळं पडलंय औंदाचं, आता चिरडू नगा." मला लागलं का ते विचारलं नाही. नंतर मात्र तांब्याभर पाणी दिलं.

थांबताना सीटवरून पुढं उतरून उभं राहायचं असतं. हे कळायला एक पडणं लागलं.

६ नोव्हें., गुरुवार

आज गंगाधरअप्पा भेटला. माझ्या वेळचा ड्रायव्हर, पिंगळीचा. रिटायर झाल्यापासून दोन म्हशी आणि मोपेड. रोज सकाळी दुधाच्या कॅना दोन्ही बाजूंना लावून परभणीला येतो, रिकाम्या घेऊन परत जातो. मला अजून "कंट्रोलर सायेब" म्हणतो. मी त्याला अप्पाच म्हणतो, पहिल्यापासून. भेटला की रामरामाऐवजी शरणार्थ घालतो.

"शरणार्थ, सायेब. हे काय चालवायलाव? टॉप टाकून चढ चढायलाव तुमी. इंजिन गुरगुरायलंय, ऐकू येईना का?"

मी म्हणालो, जड गिअर म्हणजे जास्त वेग.

"गाडी बंद पाडून वेग व्हय? खाली टाका गिअर. पाय भराभर फिरू द्या. गाडी वढायची न्हाई, पळवायची."

मग तासभर स्वतःची फुशारकी. अमुक घाट, तमुक टायर. त्यातलं निम्मं खोटं हे मला माहीत आहे, लॉगशीटं माझ्यासमोर भरली जायची. पण गिअरचं पटलं.

९ नोव्हें., रविवार

हलका गिअर, पाय भराभर. पहिल्यांदा पंख्यासारखे नुसतेच फिरल्यासारखे वाटले. पिंगळीपर्यंत जाऊन येईस्तोवर मात्र गुडघा एकदाही कुरकुरला नाही. आकडा अठरा.

घरी येऊन "अठरा" असं मोठ्यानं म्हणालो. कुकरची शिट्टी झाली तेवढीच. भात एकट्याचा लावला तरी शिट्ट्या तेवढ्याच होतात.

१५ नोव्हें.

रोज जोरात. रोज जोरात. आणि वेग रोज कमी. आज पंधरावर परत आलो. पायात शिसं भरल्यागत.

आशूला फोन केला. दोन मिनिटंच बोलली, मीटिंगमध्ये होती. "रोज नाही मारायचं पप्पा. एक दिवस जोर, एक दिवस हळू, एक दिवस काहीच नाही. पाय आराम करतानाच घट्ट होतात." मग "ठेवते हं."

आराम करायचा दिवस कसा काढायचा, ते नाही सांगितलं. ते तिला माहीत नसणार. सकाळी सातला पेपर संपतो. आठला भांडी. नऊला मी बोळीत खुर्ची टाकून बसलो तेव्हा पुढं अख्खा दिवस पडला होता.

२१ नोव्हें., शुक्रवार

नवा प्रकार. लायटीच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जीव खाऊन, मग दोन खांब निवांत. पुन्हा एक जीव खाऊन. निवांत म्हणजे खरंच निवांत, गाणं म्हणता आलं पाहिजे एवढं. मी म्हणतो. ऐकायला कोण आहे, कापसात वेचणाऱ्या बाया. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "ह्यो येडा परत आला." रोज बघतात म्हणजे ओळख झाली म्हणायची.

चढावर दम आता उशिरा लागतो.

२७ नोव्हें.

आशूचा चार दिवस फोन नाही. मी केला तर "नंतर करते" असा मेसेज. नंतर म्हणजे कधी, ते वेळापत्रकात नाही.

पिठलं केलं. तिखट जास्त झालं. सकाळी उपाशीपोटी जोर लावायचा नाही हे कळलंय, म्हणून आता निघण्याआधी एक केळ आणि गुळाचा खडा. आल्यावर लगेच जेवायचं. नियम सगळे पाळतो. जेवताना समोर कुणी बसावं असा नियम कुठं असता तर तोही पाळला असता.

३ डिसें., बुधवार

शर्ट. सुमननं घेतलेला ढगळा शर्ट वाऱ्यानं पाठीवर फुगतो, ते ब्रेक दाबून चालवल्यासारखंच. आज अंगाबरोबरचा टी-शर्ट घातला. काळे सर दारात उभे होते, पोटाकडं बघून घरात गेले.

कोपर थोडं वाकवायचं, छाती खाली घ्यायची. वारा डोक्यावरून जातो. थंडीचं वारं तोंडावर आलं की निम्मी ताकद त्याच्याशी भांडण्यात जाते, रस्ता राहतो बाजूला.

५ डिसें.

अप्पानं आज शिकवलं ते आतापर्यंतचं सगळ्यात भारी. रिकाम्या कॅना घेऊन पिंगळीला परत चालला होता. "सायेब, आडोशाला या. माज्या मागं लागा, कॅनाच्या मधात." वाऱ्याची बाजू बघून तो पुढं, मी त्याच्या मागच्या चाकाला धरून. काय सांगावं. वाराच नाही. पाय आपोआप फिरतात आणि आकडा पंचवीसच्या पुढं. कुणीतरी पुढं असलं की एवढं सोपं असतं सगळं.

पिंगळीला तो वळला. मी सरळ गेलो आणि वारं असं अंगावर आलं की सायकल उभी राहते का काय. आडोसा होता तोवर त्याचं वजन कळलंच नव्हतं. सुमनची आठवण आली. आली म्हणजे रस्त्याच्या कडेला थांबावंच लागलं.

जिंतूरला जाताना उलटं वारं असेल तर पुढं मी राहणार. आशूला आडोसा. ठरलं.

११ डिसें.

ताडकळसपर्यंत जाऊन आलो. न थांबता. बाजाराची गर्दी, जीप, मोटारसायकली, मेथीच्या पेंड्या, सगळ्यातून वाट काढत. ब्रेक उगाच दाबायचा नाही, लांबून बघून ठेवायचं कुठून निघायचं. गेल्या महिन्यात ह्याच अंतराला अर्धी सकाळ जात होती. आज ऊन चढायच्या आत घरी.

कुणाला तरी सांगावं म्हणून पेपरवाल्या बाईला सांगितलं. म्हणाली, "बरं हाय. बिल द्या मागच्या महिन्याचं."

१९ डिसें., शुक्रवार

आज येळवस, वेळा अमावस्या.

लक्षातच नव्हतं. मीटर बघत ताडकळसच्या रस्त्याला लागलो तर दोन्ही बाजूंच्या शेतांत माणसंच माणसं. कडब्याच्या खोपी, पाची पांडवांची पूजा, चुलीवरची हिरव्या दाण्यांची भज्जी. वास रस्त्यापर्यंत. वेळा अमावस्येला रस्त्यानं जाणारा माणूस न जेवता पुढं गेला असं आमच्याकडं होत नाही. एका बांधावरून आवाज, "ओ पाव्हणं, या. आंबील घेऊन जा." दुसऱ्या बांधावरून, "या की वो जेवायला." मी हात केला. नुसता हात. आकडा बावीसवर होता आणि थांबलो तर मोडला असता.

आणि पाय टेकत नाहीत ना आता. थांबायचं म्हणजे उतरावं लागतं. सीट खाली होती तेव्हा थांबलोच असतो.

घरी आलो. कालची भाकरी होती, दुधात कुस्करली. आकडा बावीस पूर्णांक काहीतरी, आडोशाशिवायचा आजवरचा सगळ्यात जास्त. ताटासमोर बसलो आणि लाज वाटली. अख्ख्या जिल्ह्यात आज एकटा जेवणारा मी एकटाच असेन.

संक्रांतीला आली की आशूला घेऊन त्या बांधावरही जाईन. सांगेन, त्या दिवशी घाईत होतो.

२८ डिसें., रविवार

लिहू का नको.

सकाळी जिंतूर रस्त्यावर बोरीपर्यंत जाऊन आलो. जमतंय. नक्की जमतंय. म्हणून दुपारी आपणहून फोन केला. म्हणालो, मी तयार आहे, आदल्या रात्री ये, म्हणजे भोगीची भाजी-भाकरी खाऊन झोपू आणि पहाटे निघू.

"कुठं निघू, पप्पा?"

"जिंतूरला. संक्रांतीला."

पलीकडं खुर्ची सरकली.

"तूच म्हणालीस की. स्टँडवर. येते म्हणालीस."

"पप्पा, ते... निघताना म्हणतात तसं म्हणलं हो मी."

पुढचं बोलणं जसं आठवतं तसं. कंपनी तिला जर्मनीला पाठवायलीय. तीन वर्षं. कदाचित पुढंही. दिवाळीतच सांगणार होती, तोंड उघडलं नाही. विमान चौदा जानेवारीला. "संक्रांतीलाच जाणार आहे मी, पप्पा."

मी म्हणालो, "जाणार म्हणू नये गं." सवयीनं निघालं तोंडातून. तिची आई म्हणायची.

ती म्हणाली, "मग काय म्हणू?"



२९ डिसें.

नोकरीभर खिडकीत बसून बघितलं. रोज शेकडो माणसं "येतो", "येते" म्हणत पायरी चढायची. बाळंतीण, सासुरवाशीण, लष्करातलं पोरगं, अस्थी घेऊन निघालेला माणूस, सगळे येतोच म्हणायचे. त्यातलं कोण परत आलं हे मी एकदाही बघितलं नाही. ते "येतो" म्हणजे काय हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

आणि घरच्या पोरीचं "येते" धरून मी दोन महिने पेडल मारलं.

तिचा राग आला. मग माझा आला. मग कुणाचाच टिकला नाही. जर्मनी किती लांब ते कळत नाही, नकाशात वीतभर दिसतं.

२ जाने., शुक्रवार

सायकल बाहेर काढली नाही. चार दिवस झाले.

अप्पा घरी आला दुधाचा तांब्या घेऊन. "सायकल तुटली का, सायेब?" सांगितलं सगळं. वाटलं हळहळेल. त्यानं चहा बशीत ओतून प्यायला. म्हणाला, "माजी तिन्ही पोरं घरात हायेत. सून बोलंना, पोरगं बोलंना. ती जर्मनीवरून बोलंल तरी."



दारात चप्पल घालताना म्हणाला, "हजारो गाड्या सोडल्या तुमी. एक सोडवंना व्हय?"

लय राग आला त्याचा. अजून आहे. दूध मात्र चांगलं होतं.

४ जाने.

गेलो पुन्हा. हळूच, पिंगळीपर्यंत. चार-सहा दिवस बसलो तर पाय विसरले असतील असं वाटलं होतं. विसरले नाहीत. उलट ताजे. आरामाचं आशूचं खरंच निघालं.

संध्याकाळी तिचा मेसेज. एक रात्र येऊन जाते म्हणाली. शुक्रवारी सकाळी येणार, शनिवारी संध्याकाळी परत. मी "बरं" लिहिलं. मग तिच्या सायकलीची चेन पुसून तेल घातलं. चाकांत हवा.

९ जाने., शुक्रवार

आली. वाळलीय. बॅगेत माझ्यासाठी स्वेटर, थंडीत सायकलीला. दिवसभर तिचे फोन चालू. मधल्या वेळात तिनं घरातलं सगळं हात लावून बघितलं, आईचं कपाट, चहाचे डबे. डबे झाकून परत होते तसेच ठेवले.

मी तिळाच्या वड्या केल्या, संक्रांतीच्या आधीच. चिक्कीसारख्या झाल्या. दोघांचे दात दुखले. हसलो बरेच दिवसांनी. भोगीची भाजीही आजच करून टाकली. कुठल्या दिवशी काय करायचं हे आता कोण विचारणार आहे.

"जिंतूर?" मी विचारलं. "नाही जमायचं पप्पा. सकाळी पिंगळीला जाऊन येऊ?"

१० जाने., शनिवार

गेलो. धुकं होतं. हुरड्याला आलेली ज्वारी दोन्ही बाजूंना.

ठरवलं होतं बरोबरीनं जायचं. पहिला अर्धा किलोमीटर गेलोही. हँडलाला हँडल, ती डावीकडं, मी उजवीकडं. मग ती मागं पडायला लागली. सहा महिन्यांत सायकलला हात लावला नाही म्हणाली, दिवाळीतली ती एक सकाळ सोडून. मी गिअर खाली घेतला. तरी मागं. वळून बघितलं तर धापा टाकतेय, स्वेटर काढून कमरेला बांधलेला.

"पप्पा, तुमी माझ्याहून फास्ट झालाव की."

हे ऐकायला अडीच महिने घालवले. कानावर पडलं आणि तोंडात कडू झालं.

"आडोशाला ये," मी म्हणालो आणि पुढं झालो. ती मागच्या चाकाला धरून आली. मान वळवून किती वेळा बघितलं. एका चढावर तिचा आडोसा सुटला. मी दगडापाशी जाऊन उतरलो, उभा राहिलो.

धुक्यातून ती येत होती. हळूहळू. आणि मी तिच्याकडं बघत उभा होतो, आणि मला माझा चेहरा कळला. तो दिवाळीतला तिचा चेहरा होता. पेशंटजवळ बसल्यासारखा नव्हता तो. कंटाळाही नव्हता त्यात. आपलं माणूस येतंय एवढंच बघत उभं राहिलं की माणसाचं तोंड असं होतं. मी अडीच महिने भलतंच धरून बसलो होतो.

तिला हे सांगायचं होतं. ती आली, म्हणाली, "चला." निघालो.

परत येताना वारं पाठीवर होतं. मी ब्रेक दाबत चालवली. वेग कमी कसा करायचा हे कुणी शिकवत नाही. शहराची पहिली दुकानं दिसली तेव्हा म्हणालो, अजून थोडं पुढं जाऊन वळू. ती म्हणाली, "गाडी आहे ना, पप्पा."

संध्याकाळी स्टँड. गाडी फलाटाला लागलेली. जन्मभर मी लेट गाडीवर चिडलो, ड्रायव्हरांना मेमो दिले. आज मनात म्हणालो, टायर बसू दे, कंडक्टर चहाला जाऊ दे, पाच मिनिटं तरी. माझ्या जुन्या खिडकीत आता एक तरणी मुलगी बसते. तिनं घड्याळ बघितलं आणि मिनिट न चुकवता गाडी सोडली. मी असतो तरी सोडलीच असती.

सुटायच्या आधी आशू पायरीवर थांबली होती. काही म्हणणार होती. येते म्हणावं का जाते, ह्यातच अडकली असणार. पाया पडली आणि चढली. काच उघडत नव्हती. आतून तळवा लावला.

१४ जाने., बुधवार. संक्रांत

पहाटे कुलूप लावताना "येतो" म्हणालो. घरात कुणी नाही. दाराला म्हणालो असेन.

जिंतूर रस्ता. एकटा. पहिला टप्पा हळू, पाय तापू दिले. बोरीच्या पुढं चढउतार, गिअर हलका, पाय भराभर. उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या, एकीच्या मागं थोडा वेळ आडोसा घेतला, धूळ खाल्ली. मीटरकडं बघितलं नाही. एका शेतात माणसं हुरडा भाजत होती. "या की." उतरलो. सीटवरून पुढं, नीट. मूठभर हुरडा, गुळाचा खडा. कुठून आलाव, कुठं चाललाव. पोरगी परदेशात चाललीय आज, म्हणालो. पहिल्यांदाच कुणाला तरी मोठ्यानं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "मंग तिळगूळ कुणाला देणार?" तिलाच दिला, खिशातला.

जिंतूरला पोचलो. स्टँडमागची ती क्वार्टर रिकामी दिसली, दाराला गंज. समोरचा रस्ता तेवढाच रुंद. लहान वाटला.

स्टँडवर चहा घेत होतो तेव्हा फोन वाजला. मेसेज. विमानतळाचा फोटो, काचेपलीकडं विमान. खाली एकच ओळ.

"येते, पप्पा."

कोणतं "येते" ते विचारलं नाही. मीही लिहिलं, "ये." निघणाऱ्याला घरचं माणूस म्हणतं तसं. कोणत्या अर्थानं, ते तिनंही विचारलं नाही. नुसती दोन निळी टिकं आली.

परतीला वारं समोरून होतं. घरी येईस्तोवर दुपार कलली. बोळीत तिची सायकल उभी. मागचं चाक पुन्हा बसलंय, कुठंतरी बारीक पंक्चर असणार. उद्या बघतो.